स्कायलॅब, सेल आणि शोकेस

१९७७ च्या नाताळात अमेरिकेतल्या पोरांना भेट म्हणून चक्क एक रिकामं पाकीट विकलं गेलं होतं. म्हणजे अगदीच रिकामं नाही, आत पुठ्ठ्याचा एक स्टँड, थोडे स्टिकर आणि एक कूपन. त्याच वर्षी मे महिन्यात स्टार वॉर्स आला आणि तो एवढा चालेल असं कुणालाच वाटलं नव्हतं, खेळणी करणाऱ्या केनर कंपनीलाही नाही, त्यामुळे नाताळ तोंडावर आला तरी बाहुल्या तयारच नव्हत्या, मग त्यांनी डोकं लढवलं आणि कूपनच विकलं. पोस्टाने पाठवा, चार बाहुल्या नवीन वर्षात घरपोच. आणि आईबापांनी ते घेतलं, पोरांनी वाट बघितली! आता ती पोरं साठीला आलीत, त्या पुठ्ठ्याचे फोटो बघून हळहळतात, आणि त्यांची ती हळहळ वाचत रात्री साडेअकराला मीही इथे हळहळत बसतो.

आता गंमत बघा, मी तो सिनेमा तेव्हा पाहिलेला नव्हता, त्या बाहुल्या आजवर हातात घेतलेल्या नाहीत, आणि १९७७ साली मी सोलापुरात पाचवीत होतो जिथे प्लास्टिकची तलवार मिळाली तरी पोरगं आठवडाभर हवेत असायचं. तरी घशात काहीतरी अडकतंच. याला उसनी हळहळ म्हणायला हरकत नाही. दुसऱ्याच्या बालपणासाठी आपण कशाला गहिवरायचं, पण गहिवरतो खरे.

आणि याच्या बरोबर उलटा एक प्रकार असतो, जो मला जास्त खटकतो. "आमच्या वेळी काही नव्हतं, पण काय मजा होती" छापाचे मेसेज. लगोरी, विटीदांडू, चिंचेचे बुटुक, आणि खाली हात जोडलेले. अहो नव्हतं म्हणजे नव्हतं, त्यात कसली आलीय मजा! मला रोबो हवा होता. छातीची दारं उघडणारा, आतून बंदुका काढणारा, डोळे पेटवणारा रोबो. तो मला दिसलाही होता, तेच तर दुखणं.

माझे एक चुलतकाका कुवेतला होते. त्या वर्षांत आखातात गेलेला माणूस म्हणजे घराण्याचा अवतारपुरुष, सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेभोवती सगळं खानदान गोल बसायचं, टेरिलिनचं कापड, सेंटच्या बाटल्या, टेपरेकॉर्डर, आणि एका वर्षी त्यांच्या मुलासाठी, म्हणजे माझ्या चुलतभावासाठी, तो रोबो. जपानी, पत्र्याचा, वीतभर उंच, अंग करडं, पाय लाल. खाली पायाच्या तळव्यावर मेड इन जपान उठवलेलं. बटण ओढलं की घर्रर्र करत चार पावलं टाकायचा, थांबायचा, छातीची दोन दारं खटकन उघडायची, आतून दोन बंदुका बाहेर, त्यांची टोकं लाल लुकलुकायची, आणि कमरेच्या वरचा सगळा भाग त्याच पवित्र्यात गोल फिरायचा. पाय जागच्या जागी. मग दारं बंद, की पुन्हा चार पावलं. बस्स, एवढंच. पण आम्ही सगळी भावंडं जमिनीवर पालथी पडून त्याच्या तोंडाकडे बघत राहायचो, आणि बंदुका आपल्याकडे वळल्या की खरोखर मागे सरकायचो.

हे सगळं मिळून दोनचार वेळा. कारण काकूंनी लगेच फर्मान काढलं, सेल संपतील. सेल ही त्या काळी चैनीची वस्तू, ते टॉर्चसाठी आणि ट्रान्झिस्टरसाठी असायचे, खेळण्यासाठी सेल जाळणं म्हणजे शुद्ध माज. तर रोबोच्या पोटातले सेल काढून टॉर्चमध्ये गेले आणि रोबो गेला शोकेसमध्ये, सहा कपांचा टी-सेट आणि शंखशिंपल्यांचा मोर यांच्या मधे. त्या काचेच्या कपाटाला कुलूप होतं हे वेगळं सांगायला नको. पाहुणे आले की मात्र टॉर्चचे सेल परत रोबोत यायचे आणि पाहुण्यांच्या चहाबरोबर एक प्रयोग व्हायचा. त्यामुळे काकूंकडे कोण पाहुणे येणार आहेत याची माझ्याइतकी चौकशी दुसऱ्या कुणी केली नसेल.

आता कुणी म्हणेल की बाजारातून का नाही आणला. बाजारात होता कुठे? बाहेरच्या खेळण्यांना देशात जवळजवळ दार बंदच होतं, आणि आत यायचं ते आखातातल्या काकांच्या बॅगेतून किंवा मुंबईत मुसाफिरखान्याच्या बाजूच्या गल्ल्यांतून, चोरून आलेला माल म्हणून. आपल्याकडे खेळणी करायचे ते छोटे कारखानेवाले, पत्र्याचं काम, त्यांच्या बेडकाला चावी असायची, त्यांच्या माकडाला झांजा असायच्या, पण अंतराळ त्यांच्या गावीही नव्हतं. जास्तीत जास्त काय तर ठिणग्या उडवणारी बंदूक, आत गारेचा तुकडा आणि फिरतं चाक, ती अंधारात ओढली की लाल प्लास्टिकमधून ठिणग्या दिसायच्या आणि आम्ही तीच किरणांची बंदूक मानायचो.

तरीही आमच्याकडे अंतराळ होतं, फक्त ते खेळण्यांच्या दुकानात नव्हतं. ते वेगळ्याच ठिकाणांहून घरात शिरायचं आणि त्याच्यावर खेळणं असा शिक्का नसायचा, मला वाटतं खरा फरक इथेच पडला. त्या अमेरिकन पोरांचं अंतराळ कपाटात मावायचं, बाहुलीला नाव, नावाला सिनेमा, सिनेमाला जाहिरात. आमचं अंतराळ म्हणजे चालू घडामोडी.

उदाहरणार्थ वह्यांची कव्हरं. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी कव्हरं घालायचा एक कार्यक्रम असायचा आणि त्याला सगळ्यात चांगला कागद सोव्हिएत देशचा. गुळगुळीत, जाड, रंगीत, आणि ते मासिक वाचलं कुणी असेल नसेल पण अर्ध्या वर्गाच्या वह्या त्याच कागदात. अंतराळवीर, ट्रॅक्टर, धरणं आणि परत अंतराळवीर. ज्यांच्या घरी अमेरिकन स्पॅन यायचं त्यांच्या वह्यांवर अपोलो. म्हणजे शीतयुद्ध आमच्या बाकावर चालू होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. माझ्या भूगोलाच्या वहीवर अपोलो आणि सोयुझ जोडल्याचं चित्र होतं, १७ जुलै १९७५ ला वर अंतराळात अमेरिकन आणि रशियन माणसांनी हात मिळवले त्याचं. बोगद्यासारख्या भोकातून दोन माणसं हसतायत. त्या भोकाच्या बरोबर मध्ये मी नाव, इयत्ता, तुकडी याची चिठ्ठी चिकटवली होती कारण आईने सांगितलं की चिठ्ठी मधोमध लाव.

तिकिटांचंही तसंच. पोस्टाच्या तिकिटांचा नाद तेव्हा प्रत्येक गल्लीत दोघातिघांना तरी असायचाच. त्यात अजमान, फुजैरा, रास अल खैमा असल्या ठिकाणांची तिकिटं यायची, मोठी, झगझगीत, आणि जवळजवळ प्रत्येकावर रॉकेट नाहीतर चंद्रावरचा माणूस. आमच्यातल्या एकाची पक्की समजूत होती की अजमान हा अंतराळात फार पुढे गेलेला देश आहे. ती बिचारी वाळवंटातली छोटी छोटी संस्थानं, जगभरच्या तिकीटवेड्यांना विकण्यासाठीच ती तिकिटं छापली जायची हे पुढे कळलं. पण राजा म्हणजे भूतानचं तिकीट. भूतानने १९६७ मध्ये अंतराळवीरांची थ्रीडी तिकिटं काढली होती, अशा प्रकारची जगातली पहिली. वर रेघारेघांचं प्लास्टिक, तिरकं केलं की यान पुढे आणि चंद्र मागे. आमच्या गल्लीत असं एक होतं, ज्याचं होतं तो पोरगा ते बघायला द्यायच्या बदल्यात गृहपाठ करून घ्यायचा.

आणि दोन रुपयांची नोट! हे मला अजून भारी वाटतं. १९ एप्रिल १९७५ ला आर्यभट सुटला, आपला पहिला उपग्रह, ३६० किलोचा, सव्वीस पैलूंचा, बंगळुरूजवळ पीण्याच्या शेडमध्ये बांधलेला आणि रशियाच्या रॉकेटने वर गेलेला. चारपाच दिवसांत त्यातल्या प्रयोगांचा वीजपुरवठा बिघडला आणि ते बंद पडले, पण तेवढ्यात त्याने जे काम केलं ते केलं. मग थोड्याच दिवसांत दोन रुपयांच्या नोटेच्या मागून वाघ गेला आणि त्या जागी आर्यभट आला. विचार करा, कुठल्या देशाने पोराला किराणा आणायला पाठवताना हातात उपग्रह दिलाय? आम्ही त्या नोटेवर पेन्सिलने कागद घासून उपग्रह उमटतो का बघायचो, उमटायचा नाही, नोट मळायची, वाणी कुरकुरायचा.

खेळणी मिळायची ती वर्षातून एकदा, जानेवारीत, गड्ड्यावर. सोलापूरकरांना गड्डा म्हणजे काय सांगावं लागत नाही, बाकीच्यांसाठी, सिद्धेश्वराची संक्रांतीची यात्रा, होम मैदानावर भरते, पाळणे, मौत का कुआँ आणि खेळण्यांच्या रांगा. तिथे एक फोटोवाला यायचा, त्याच्याकडे पूर्वी पुठ्ठ्याची मोटार आणि विमान होतं, नंतर त्याने चंद्र आणला. निळ्या पडद्यावर चुन्याचे ठिपके, पुढे लाकडी चंद्रकोर, तिच्यावर बसायचं, मागे यू.एस.ए. लिहिलेलं रॉकेट. माझा आणि बहिणीचा तो फोटो अजून आहे, बहीण घाबरलेली आहे कारण चंद्र डुगडुगत होता.

पण गड्ड्यावरची माझी खरी वस्तू म्हणजे फटफट बोट. ही ज्यांनी चालवली नाही त्यांना नीटच सांगतो. पत्र्याची वीतभर लांब होडी, आत छतासारखी एक चपटी पत्र्याची डबी, तिच्यातून दोन बारीक नळ्या निघून मागच्या बाजूने पाण्याखाली. नळ्यांतून आधी पाणी भरून घ्यायचं, मग डबीच्या खाली तेलाची छोटी वात पेटवून सरकवायची आणि बोट परातीत सोडायची. थोडा वेळ काहीच होत नाही. मग डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे सरकते, वाफ थंड होऊन आकसते, पाणी परत आत ओढलं जातं, पुन्हा वाफ, आणि हे इतक्या भराभर की डबीचा पत्रा फट्फट्फट् वाजत राहतो. यात चाक नाही, पंखा नाही, चावी नाही. मागे ढकललं म्हणून पुढे गेलं एवढंच, म्हणजे रॉकेटचंच तत्त्व. आता कुणाच्याही मनात येईल की पाणी ढकलून बोट पुढे जाते तर ओढून मागे का येत नाही, तर बाहेर पडताना पाणी सरळ एका दिशेने धारेसारखं जातं आणि आत येताना नळीच्या तोंडाशी सगळ्या बाजूंनी गोळा होऊन येतं, म्हणून. हे मला इंजिनिअरिंगला गेल्यावर कळलं, परातीत नाही. परातीत मला एवढंच कळलं की ही वस्तू शोकेसमध्ये जाणार नाही, कारण ती तेलकट होती.

आता मुख्य गोष्ट, जी मी आजवर कुणाला नीट सांगितलेली नाही कारण लोकांना ती थाप वाटते.

माझं आजोळ विजापूर जिल्ह्यात. सोलापूरहून होटगी, तिथून मीटरगेजच्या गाडीने पुढे, आणि मग बैलगाडी. आजोळी तेव्हा नळ नव्हता, आडाचं पाणी. सोलापुरात, एवढ्या मोठ्या गिरणगावात, आमच्या ओळखीत कुणाकडे टीव्ही नव्हता, मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं होतं पण त्याचा आवाका आमच्यापर्यंत पोचत नव्हता, टीव्ही ही मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी सांगायची गोष्ट. आणि १९७५ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी आजोळी गेलो तर तिथे शाळेत टीव्ही! तोही साधासुधा नाही. थेट उपग्रहावरून.

त्याचं नाव साइट. अमेरिकेचा एटीएस-६ नावाचा उपग्रह नासाने भारताला एका वर्षासाठी वापरायला दिला होता, १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, आणि त्यावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही दाखवायचा प्रयोग इस्रोने केला. आंध्र, कर्नाटक, बिहार, मध्य प्रदेश, ओरिसा, राजस्थान. महाराष्ट्र नाही. कर्नाटकातले जे जिल्हे त्यात घेतले त्यात विजापूर, गुलबर्गा, रायचूर. म्हणजे सरहद्दीच्या अलीकडे आमच्या शहरात शून्य आणि पलीकडे खेड्यात उपग्रह. ज्या काळात प्रगत देशांतही टीव्ही जमिनीवरच्या टॉवरवरूनच घरात यायचा त्या काळात माझा मामा शेणाने सारवलेल्या अंगणात उभा राहून मला ३६ हजार किलोमीटरवरचा उपग्रह कुठे आहे ते दाखवत होता.

शाळेच्या आवारात तो अँटेना होता. दहाएक फूट रुंद, उथळ वाडग्यासारखा, आणि कशाचा, तर जाळीचा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तीच षटकोनी भोकांची तारेची जाळी, खरोखर तीच, स्वस्तात काम व्हावं म्हणून मुद्दाम. मध्यभागी काठ्यांवर एक डबी. तोंड पश्चिमेकडे, मारुतीच्या देवळाच्या कळसाच्या वर. मी मामाला विचारलं, कुठाय? मामा म्हणाला, "तिकडं हाय बघ सरळ. दिसत न्हाई, पण हाय." मी बराच वेळ कळसाच्या वर बघत राहिलो. मामा बरोबर होता, तो उपग्रह तिथून हलतच नाही, पृथ्वीबरोबर फिरतो, म्हणून तर अँटेना एकदा लावला की लावला.

संध्याकाळी मास्तर खोलीचं कुलूप काढून टीव्ही बाहेर आणून ठेवायचे. अख्खं गाव. पुढे पोरं मातीत बसलेली, बाया एका बाजूला, पुरुष मागे उभे, काही जण बैलगाडीच्या साटीवर. काळा-पांढरा पडदा, कानडी कार्यक्रम. मला कानडी अर्धंमुर्धं कळायचं. काय होतं म्हणाल तर भुईमुगावरची कीड, कुटुंबनियोजन, लोकनृत्य, बातम्या, आणीबाणीचे दिवस होते त्यामुळे बातम्या कशा असतील ते सांगायला नको. मी श्वास रोखून बघत होतो, अंतराळातून काय येतंय! आणि गावातली पोरं मात्र म्हशीवर खूश होती. पडद्यावर म्हैस आली की एकच आरोळी. कारण म्हैस त्यांची ओळखीची, आणि ती पेटीत कशी घुसली हा प्रश्न उपग्रहापेक्षा कितीतरी मोठा. मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

पुढच्या दिवाळीत गेलो तर टीव्ही बंद. उपग्रह परत नेला होता, नेणारच, उसना होता. अँटेना जागेवर होता, त्याच्या एका कडेला कुणीतरी पंचा वाळत घातलेला. मास्तर म्हणाले, येईल परत. तो उपग्रह काही आला नाही. सोलापुरात आमच्या घरात टीव्ही यायला पुढे कितीतरी वर्षं गेली आणि आला तेव्हा घरातले सगळे हरखले, मी एकटाच शिष्टासारखा म्हणत होतो की हा जमिनीवरून येतो, मी वरून येणारा पाहिलाय. कुणी ऐकून घेतलं नाही.

पुस्तकांचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न वाचनालयात फाटेस्तोवर फिरायचा. इंद्रजाल कॉमिक्स मराठीत यायची, त्यात वेताळ सगळ्यांचा, पण फ्लॅश गॉर्डनचा अंक आला की माझा नंबर पहिला. आणि १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा अनोळखी माणसाची कृष्णविवरावरची गोष्ट पहिली आली आणि तो माणूस निघाला जयंत विष्णु नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली! आपलं नाव बघून बक्षीस मिळू नये म्हणून केंब्रिजहून आलेला शास्त्रज्ञ टोपणनावाने स्पर्धेत उतरतो, हे मला त्या गोष्टीइतकंच आवडतं. मी ती वाचली मात्र बरीच नंतर. गणपतीत रस्त्यावर पडदा बांधून सिनेमे दाखवायचे, त्यात दारासिंगला चंद्रावर पाठवणारा १९६७ चा एक सिनेमा पाहिला, तोही पडद्याच्या मागच्या बाजूने, त्यामुळे माझ्या आठवणीत दारासिंग डावखुरा आहे.

आणि मग आलं १९७९. स्कायलॅब.

सत्त्याहत्तर टनांची अमेरिकेची अंतराळप्रयोगशाळा, १९७३ मध्ये वर गेलेली, रिकामी फिरत होती. सूर्यावर वादळं वाढली की वरचं विरळ वातावरण तापून फुगतं, यानाला जास्त घासतं, यान खाली येत जातं. नवीन शटल वर पाठवून तिला ढकलून देऊ असं ठरलं होतं पण शटललाच उशीर झाला. तर आता ही पडणार, कुठे ते सांगता येत नाही, विषुववृत्ताच्या पन्नास अंश वर आणि पन्नास अंश खाली, म्हणजे त्यात अख्खा भारत आला. कुणा ना कुणाला तुकडा लागण्याची शक्यता नासाने १५२ मध्ये एक सांगितली. याचा अर्थ साऱ्या जगात मिळून एखाद्या माणसाला, पण आमच्या वर्गात तो आकडा असा पोचला की दर १५२ माणसांत एक जाणार. मग शाळेचा पट काढून हिशोब झाला, आमच्या शाळेतली चारपाच पोरं नक्की, आणि ती कोण असावीत यावर मधल्या सुट्टीत मतदान. मुख्याध्यापकांचं नाव एकमताने पुढे होतं.

मोठ्यांची तर वेगळीच तऱ्हा. कुणी म्हणे कोंबड्या खाऊन टाका, कुणी म्हणे कर्ज घ्या, फेडायला उरतोय कोण. आमच्या आजीने मात्र शांतपणे कालनिर्णयमध्ये बघितलं, त्या दिवशी काही वाईट नाही म्हणाली, आणि पापड घालायला घेतले. ते जुलैमध्ये कोण घालतं, पण तिने घातले.

११ जुलैच्या रात्री आपल्याकडे दहा वाजून गेले होते तेव्हा ती पडली, हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात, एस्परन्स गावाच्या आसपास. कुणाला खरचटलंही नाही. त्या गावच्या नगरपालिकेने कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलर दंड ठोठावला, चेष्टेने, आणि तिथल्या सतरा वर्षांच्या एका पोराला अंगणात जळके तुकडे सापडले, ते घेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथल्या एका पेपरने पहिला तुकडा आणणाऱ्याला जाहीर केलेलं दहा हजार डॉलरचं बक्षीस त्याला मिळालं! आमच्याकडे त्या रात्री छपरावर काहीतरी वाजलं होतं, सकाळी मी शिडी लावून चढलो, नारळाची झावळी होती.

पण त्या वर्षी सगळं पडतच होतं. ११ जुलैला स्कायलॅब, १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला, १० ऑगस्टला आपलं एसएलव्ही-३ रॉकेट पाचेक मिनिटं उडून बंगालच्या उपसागरात, आणि २० ऑगस्टला चरणसिंग. त्यामुळे त्या वर्षीच्या गणपतीत आमच्या भागातल्या मंडळाने स्कायलॅबचा हलता देखावा केला तेव्हा लोकांना त्यात काय काय दिसलं असेल ते असेल. मंडळातली निम्मी मंडळी मागावर काम करणारी, त्यांनी मागाची जुनी पुली आणि पंख्याची मोटर लावून काम केलं होतं. बांबूचा सांगाडा, त्यावर चंदेरी कागद, दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख, आत लाल बल्ब. तारेवरून ते घरंगळत खाली यायचं, खाली पुठ्ठ्याची घरं, घरांतून पुठ्ठ्याची माणसं दोरीने हात वर करायची, आणि ऐन वेळी गणपतीचा उजवा हात पुढे येऊन यान अडवायचा. टाळ्या. मग पुली उलटी फिरायची आणि यान परत वर, आणि गणपती हात मागे घ्यायचा. रोबोने मला जे दिलं नाही ते त्या देखाव्याने दिलं कारण त्याच्या मागे जाऊन बघता यायचं. तिथे घामाघूम झालेला एक माणूस बनियनवर बसून दोन स्विच आलटून पालटून दाबत होता, आणि एकदा त्याला तंबाखू मळायची होती म्हणून त्याने मला स्विच दिले. मी स्कायलॅब पाडलंय, म्हणजे.

तो रोबो अजून आहे. चुलतभाऊ आता पुण्याला असतो, माळा आवरताना सापडला म्हणून फोन केला, मी गेलो. एका प्रयोगानंतर सेल आतच राहून गेले असणार, फुटून आत हिरवी पूड. आम्ही दोघं म्हातारे जमिनीवर बसलो, पॉलिश पेपरने पट्ट्या घासल्या, नवे सेल घातले. डोळे नाही पेटले. दारं अर्धी उघडून अडकली. पण पाय चालले, घर्रर्र आवाज तोच, आणि भाऊ एकदम म्हणाला की बास बास, सेल संपतील. मग त्यालाच हसू आलं. विकायचा का म्हणून बघितलं तर असल्या जुन्या जपानी रोबोंना बाहेर चांगले पैसे येतात, तो नको म्हणाला, मला तरी दे म्हटलं, त्यालाही नको म्हणाला. अजून शोकेसमध्येच आहे. आता कुलूप नाही, पण दारं काचेची आहेत आणि वहिनींचा धाक आहे.

आमचं अंतराळ संपलं कसं याचीही तारीख सांगता येते, २५ जून १९८३. मी दहावी होऊन रिकामा होतो, कपिलने लॉर्ड्सवर कप उचलला आणि भिंतीवरचा अपोलो खाली उतरला. तिकिटांचा अल्बम एका हॅरिसन बॅटवर गेला, त्यात बाकी सगळं होतं, भूतानचं सोडून. पुढच्या एप्रिलमध्ये राकेश शर्मा सोयुझमधून वर गेले, पेपर भरभरून वाहत होते. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, अरे लहानपणी तू सगळ्यांना सांगत फिरायचास ना, मग आता सांग, हा माणूस तिथून खाली कसा यायचा? मी बॅटला जवसाचं तेल लावत होतो. म्हटलं येईल हो काकू, पॅराशूटने येईल, आणि मॅच होती म्हणून निघालो.